पाच लाखांचं कार्ड आणि महिन्याची गोळी

आमच्या तालुक्याच्या गावी निवृत्तांची महिन्यातून एक बैठक होते. बहुतेक वेळा तिथं महागाई भत्त्याचा हिशोब होतो, कोणी गेलं असेल तर दोन मिनिटं उभं राहणं होतं, मग चहा. मागच्या खेपेला मात्र दोन तास भांडण झालं. विषय होता, निवृत्तांच्या औषधपाण्याचं सरकारनं काय करावं. एक गट म्हणत होता, सगळ्यांना पाच लाखांचं कॅशलेस कार्ड द्या. दुसरा म्हणत होता, कार्ड घेऊन काय चाटायचं, महिन्याचा वैद्यकीय भत्ता वाढवून रोख द्या, आमचं आम्ही पाहू. मला घ्यायला आलेला माझा पुतण्या, सात एकर कोरडवाहूचा कास्तकार, दाराशी उभा राहून सगळं ऐकत होता. गाडीला किक मारता मारता म्हणाला, "काकाजी, तुमाले पेन्शन भेटते. त्याच्यावर आता गोयाबी सरकारनंच द्याच्या? मंग आमी कोनतं पाप केलं जी?"

तिघांचंही दुखणं मला कळतं, आणि तिघंही भलत्याच जागी विहीर खणताहेत असं माझं मत आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सरकार असो, महामंडळ असो की जिल्हा परिषद, जनतेच्या पैशावर चालणाऱ्या कोणत्याही मालकानं आपल्या निवृत्त माणसाला आरोग्याच्या नावानं पहिल्यांदा काय द्यावं? त्याची रोजची गोळी, त्याच्या गावात, महिन्याच्या महिन्याला. कार्ड त्यानंतर. रोख भत्ता फक्त तिथं, जिथं दुसरा इलाजच नाही. आणि आणखी एक, जे ऐकून बैठकीत सगळेच माझ्यावर चिडले: ही गोळी निवृत्तांच्या वेगळ्या खिडकीतून येऊ नये. गावच्या सरकारी दवाखान्याच्या ज्या फळीवरून माझ्या वहिनीची, म्हणजे या पुतण्याच्या आईची, बीपीची गोळी येते, त्याच फळीवरून ती यावी. मी स्वतः निवृत्त शिक्षक आहे, शुगर आणि बीपी दोन्ही सांभाळून आहे. तेव्हा यात माझा स्वार्थ आहे. तो वजा करूनच पुढचं वाचावं.

आज कोणाला काय मिळतं ते आधी पाहू, कारण वाद घालणाऱ्यांपैकी निम्म्यांना शेजाऱ्याला काय मिळतं हेच माहीत नसतं. केंद्र सरकारनं १९५४ साली दिल्लीत आपल्या नोकरांसाठी सीजीएचएस ही आरोग्य योजना सुरू केली. डॉक्टर आणि औषधाची खिडकी एकाच छताखाली, अशी तिची साधी कल्पना. वर्गणी भरून निवृत्तालाही ती मिळते, आणि जुनाट आजाराची औषधं तीन महिन्यांपर्यंतची एकदम मिळू शकतात. पण विदर्भात ही खिडकी म्हणजे मुख्यतः नागपूर. सिरोंच्याच्या निवृत्त पोस्टमास्तरानं गोळ्यांसाठी साडेतीनशे किलोमीटर जायचं का? म्हणून अशा आडभागातल्या केंद्रीय निवृत्ताला निश्चित वैद्यकीय भत्ता असतो. १९९७ मध्ये तो महिन्याला १०० रुपये होता, वाढत वाढत २०१७ मध्ये १००० झाला. रेल्वेचं वेगळं, रेल्वे दवाखान्यापासून अडीच किलोमीटरच्या पलीकडे राहणारा निवृत्त या भत्त्याला पात्र ठरतो. माजी सैनिकांना २००३ पासून ईसीएचएस या आरोग्य योजनेची पॉलिक्लिनिकं आहेत. वणी-माजरी-बल्लारपूरकडच्या कोळसा कामगारांना कोल इंडियाची निवृत्तीनंतरची योजना आहे. राज्य सरकारच्या नोकराला सेवेत असताना १९६१ च्या नियमांखाली प्रतिपूर्ती, म्हणजे उपचारावर खर्चलेला पैसा परत, मिळते, आणि खासगी दवाखान्यात गेला तर २००५ च्या शासन निर्णयातल्या २७ आकस्मिक आणि ५ गंभीर आजारांची चौकट आडवी येते. तोच निवृत्त झाला की त्याच्यासाठी २०१४ मध्ये आणलेली गट विमा योजना आहे, हप्ता ज्याचा त्यानं भरायचा.

आणि सगळ्यात खालच्या पायरीवर ईपीएस-९५ चे, म्हणजे भविष्य निधीच्या पेन्शन योजनेचे, पेन्शनर. महामंडळांचे चालक-वाहक, सूतगिरण्यांचे कामगार, सहकारी बँकांचे शिपाई. २०१४ पासून यांची किमान पेन्शन १००० रुपये. औषधाच्या नावानं छदाम नाही. याच लोकांनी बुलढाण्यात वर्षानुवर्षं साखळी उपोषण चालवलं. पेन्शनवाढीची मागणी म्हणून ते गाजलं. पण त्याच मागण्यांत नवरा-बायको दोघांना मोफत वैद्यकीय सुविधा हीसुद्धा एक मागणी होती. तिच्यावर किती जण बोलले? थोडं विषयांतर करतो: संजय गांधी निराधार योजनेचं मानधन २०२३ मध्ये १५०० रुपये झालं. म्हणजे तीस वर्षं ज्याच्या नावानं वर्गणी भरली गेली त्या माणसाची किमान पेन्शन, ज्याला कोणाचाच आधार नाही असं सरकारच मानतं त्याच्या मानधनाहून कमी.

आता कार्डवाल्यांकडे वळू. त्यांची बाजू लेचीपेची नाही. साठीनंतर माणूस एका झटक्यात झोपतो. हृदयाचा झटका आला, खुब्याचं हाड मोडलं, की नागपूरचं बिल लाखांत जातं आणि वावर विकायला निघतं. असं विकलेलं वावर आपल्यापैकी प्रत्येकाच्या पाहण्यात आहे. कार्ड नको असं मी म्हणतच नाही. पण कार्ड तर आलं आहे! राज्याची जीवनदायी योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपलं गडचिरोली आणि अमरावती होतं. पुढं तिचं नाव महात्मा फुले जन आरोग्य योजना झालं आणि ती सगळ्या शिधापत्रिकांपर्यंत, पाच लाखांपर्यंत वाढली. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या कोणालाही, उत्पन्न न विचारता, आयुष्मानचं पाच लाखांचं कार्ड मिळतं. या सगळ्या कार्डांचं कुलूप एकाच किल्लीनं उघडतं: तुम्ही भरती झालं पाहिजे. घरी बसून रोज सकाळी जी गोळी घ्यायची, तिला यातलं एकही कार्ड ओळखत नाही. मग आणखी एक कार्ड मागून आपण काय मागतो आहोत? जे मिळालं आहे तेच पुन्हा.

विम्याचा स्वभावच तसा आहे, आणि हे कास्तकाराला समजावून सांगावं लागत नाही. पीकविमा आपण गारपिटीचा उतरवतो, पावसाच्या खंडाचा उतरवतो. बियाण्याचा विमा कोणी उतरवतं का? बियाणं दर साली लागतंच. त्याची तजवीज करावी लागते. जे होईल की नाही ठाऊक नाही, त्यासाठी विमा. जे दर महिन्याला होणारच, त्यासाठी पुरवठा. शुगरची मेटफॉर्मिन, बीपीची टेल्मिसार्टन, कोलेस्टेरॉलची ॲटोर्व्हास्टॅटिन ही आमची बियाणी आहेत. महिन्याच्या ठरलेल्या खर्चाला विम्यात घातलं, की मध्ये कंपनी येते, दावे तपासणारी मधली संस्था येते, तिचा कारकून येतो, आणि वीस रुपयांच्या गोळीवर पन्नास रुपयांची कागदपत्रं चढतात.

ही चूक फक्त आपणच करतो असं नाही. अमेरिकेनं १९६५ साली म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअरचा कायदा केला. दवाखान्यातली भरती आली, डॉक्टरची फी आली. घरी घ्यायची औषधं राहून गेली. त्या काळी आजार म्हणजे भरती होऊन बरं होण्याची गोष्ट होती. वीस वर्षं रोज गोळी खात जगायचं, ही कल्पना अजून रुळायची होती. ती गोळी मेडिकेअरमध्ये यायला २००६ साल उजाडलं. मधली चाळीस वर्षं तिथल्या राज्य सरकारांनी, शहरांनी, शिक्षण मंडळांनी आपापल्या निवृत्तांची औषधं आपापल्या तिजोरीतून सांभाळली. २००६ मध्ये सरकारी गोळी आली तेव्हा या मालकांनी हात वर करू नयेत म्हणून केंद्रानं त्यांना औषधखर्चाच्या ठराविक भागावर २८ टक्के अनुदान देऊ केलं. श्रीमंत देशाला जी चूक दुरुस्त करायला चाळीस वर्षं लागली, ती आपण २०२४ मध्ये नव्या कार्डावर छापून घेतली.

आता रोखवाले. बैठकीत यांचा आवाज मोठा होता आणि मुद्दाही वजनदार. पैसा हातात असला की माणूस आपला डॉक्टर निवडतो, आपलं मेडिकल निवडतो, सरकारी फळी रिकामी असली तर अडत नाही. स्वाभिमानाचाही प्रश्न आहे. बत्तीस वर्षं इतरांच्या अर्जांवर सह्या केलेल्या माणसाला खिडकीपुढं उभं राहणं जिवावर येतं. हे सगळं मान्य. पण रोख पैशाला दोन खोडी आहेत. पहिली, तो जागच्या जागी झिजतो. भत्ता २०१७ मध्ये १००० झाला. त्यानंतर २०२२ आणि २०२३ अशा लागोपाठ दोन वर्षांत दरनियंत्रणाखालच्या औषधांनाच सुमारे पावणेअकरा आणि बारा टक्के दरवाढीची मुभा मिळाली; नियंत्रणाबाहेरच्यांचं तर विचारूच नका. भत्त्याचा आकडा वाढवायचा तर शासन निर्णय लागतो, गोळीचा दर वाढायला एक एप्रिल पुरतो. दुसरी खोड आपल्या घरातली आहे. पेन्शन ज्या खात्यात येते त्याच खात्यातून नातवाची फी जाते, बियाण्याची उधारी फिटते, जूनमध्ये मजुरी निघते. भत्त्याच्या हजार रुपयांवर 'औषध' असं लिहिलेलं नसतं. आमच्या शेजारी एका महामंडळातून निवृत्त झालेले चालक राहतात. त्यांच्या गोळ्यांचा पत्ता मी एकदा हातात घेऊन पाहिला. एक घर रिकामं, एक भरलेलं, एक रिकामं, एक भरलेलं. विचारलं तर म्हणाले, "एक दिवसाआड घेतो जी. तेवढाच दोन महिने पुरते." बीपी काही दिवसाआड सुट्टी घेत नाही.

या एक-दिवसाआडची किंमत कोण भरतं? माझ्या मते सगळ्या वादातला हाच कळीचा प्रश्न आहे आणि बैठकीत तो कोणी काढलाच नाही. कॅलिफोर्नियातल्या निवृत्त सरकारी नोकरांच्या योजनेनं २००१-०२ च्या सुमारास काटकसर म्हणून डॉक्टरच्या भेटीवर आणि औषधांवर रुग्णानं भरायची रक्कम वाढवली. अभ्यासकांनी नंतर हिशोब मांडला. भेटी कमी झाल्या, औषधं कमी झाली, योजनेचा पैसा वाचला. पण जुनाट आजारांचे जे रुग्ण होते, त्यांचा दवाखान्यात भरती होण्याचा खर्च वाढला. आणि गंमत अशी की तो वाढीव खर्च बहुतांशी योजनेच्या नव्हे, केंद्राच्या मेडिकेअरच्या बोकांडी बसला. वाचवणारा एक, भरणारा दुसरा. त्याच देशात न्यू हॅम्पशायर राज्यानं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला गरिबांच्या योजनेत महिन्याला तीनच औषधं अशी मर्यादा घातली. ज्या म्हाताऱ्यांना नियमित अनेक औषधं लागत, त्यांच्यात वृद्धाश्रमवजा शुश्रूषागृहात दाखल होण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं. अकरा महिन्यांनी ती मर्यादा उठवावी लागली.

आपल्याकडे याहून वेगळं काय घडतं? महामंडळ म्हणतं, निवृत्त झाला, आमचा संबंध संपला. भविष्य निधीवाले म्हणतात, आमचं काम पेन्शनीपुरतं. राज्याचं वित्त खातं म्हणतं, गट विमा आहे ना. प्रत्येकानं आपापली गोळी वाचवली. चार-सहा वर्षांनी त्याच माणसाला लकवा मारतो, किंवा त्याची किडनी जाते आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी जिल्ह्याला जावं लागतं. तेव्हा मात्र जन आरोग्य योजना पैसे भरते. तीही आपल्याच पैशानं. शुगरच्या गोळीला पैसे नाहीत आणि शुगरनं खाल्लेल्या किडनीला आहेत, हा कुठल्या गावचा हिशोब? पंचाहत्तरी पूर्ण झालेल्याला ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास फुकट आहे. औषध आणायला जायची सोय सरकारनं केली, औषधाची राहिली.

इथवर बैठकीतल्या मंडळींशी वाद झाला. खरा वाद पुतण्याशी आहे. त्याचा प्रश्न सगळ्यात अवघड आणि सगळ्यात खरा. विदर्भाच्या खेड्यात पेन्शन असलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी. बाकीचं गाव कापूस-सोयाबीनवर आणि उधारीवर. ज्या जिल्ह्यांची नावं शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी देशाला माहीत झाली, तिथं निवृत्त नोकरांसाठी आणखी एक सवलत मागायची तर तोंड कुठं लपवायचं? "सेवेचा करार होता, औषध हा लांबवलेला पगारच आहे," असं उत्तर आमच्या बैठकीत तयार असतं. कायद्याच्या भाषेत त्यात दम आहे. पण पुतण्याच्या आईला सांगून पाहा. तिनंही चाळीस वर्षं वावरात सेवाच केली. फक्त तिच्या सेवेचं पुस्तक कोणी भरलं नाही.

म्हणूनच मी एकाच फळीचा हट्ट धरतो. निवृत्तांसाठी वेगळी खिडकी, वेगळा दवाखाना, वेगळं कार्ड मागितलं की दोन गोष्टी होतात. गाव आपल्याकडे परकं म्हणून पाहू लागतं, ही एक. दुसरी जास्त नुकसानीची: गावच्या उपकेंद्रावर ज्यांचा आवाज पोचू शकला असता तेच लोक तिथून उठून जातात. पेन्शनर म्हणजे कोण? ज्याला अर्ज लिहिता येतो, माहितीचा अधिकार वापरता येतो, तहसीलदाराला नावानिशी फोन करता येतो. ज्याला दुपारी वेळ असतो, हेही धरा. मजुराला उपकेंद्रात 'गोळ्या संपल्या' असं सांगितलं की तो दिवसाची मजुरी बुडाल्याचं दुःख करत परततो. तेच उत्तर निवृत्त ग्रामसेवकाला मिळालं तर दुसऱ्या दिवशी तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर अर्ज असतो. या माणसाला वेगळी खिडकी देऊन आपण गावच्या फळीचा राखणदार काढून घेतो. जिल्हा परिषदेच्या शाळांचं काय झालं आठवा. मास्तरांनी, ग्रामसेवकांनी, पाटलांनी आपली मुलं तिथून काढून कॉन्व्हेंटात घातली, तेव्हापासून गळक्या छताची तक्रार करणारं कोणी उरलं नाही. त्या पापात मीही आहे.

एक फळी ही काही माझी शहाणपणाची नवी गोष्ट नाही. वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी, डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आसपासच्या खेड्यांत ऐंशीच्या दशकात आरोग्य विमा चालवला होता. हप्ता ज्वारीत. हंगाम निघाला की घरोघरची ज्वारी जमा व्हायची. ऐपत जास्त त्याचा वाटा जास्त, आणि औषध मात्र गरजेप्रमाणे. गावातली बहुसंख्य घरं सामील झाली तरच गाव योजनेत. त्या ज्वारीच्या पैशातून काय व्हायचं? गावातल्या आरोग्य सेवकाचा खर्च निघायचा आणि गावातच प्राथमिक औषधं मिळायची. मोठ्या आजारासाठी पुढं सेवाग्रामचं रुग्णालय होतंच. म्हणजे आधी गावातली गोळी, मग दवाखान्यातली खाट. विम्याच्या कंपन्यांनी हा क्रम उलटा केला आणि आपण त्यालाच विमा म्हणायला शिकलो.

यावर बैठकीत एकानं मला गप्प केलं होतं, ते प्रामाणिकपणे सांगतो. म्हणाले, "सरकारी गोळी म्हणता गुर्जी, कळमेश्वर विसरले का?" विसरलो नव्हतो. २०२३ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचा नमुना तपासायला घेतला, तर त्यात औषधच नव्हतं. तपास पुढं सरकला तसं बनावट कंपन्या आणि पुरवठादारांची साखळी उघडी पडली. राज्याची औषध खरेदी आधी हाफकिन या सरकारी संस्थेकडे गेली, तिथं रखडली, मग २०२३ मध्ये कायदा करून वेगळं खरेदी प्राधिकरण आलं. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत सगळे उपचार मोफत झाले, पण फळीवर पत्ता नसेल तर मोफत कशाचं? वडीलधाऱ्यांनी आणखी जुनी आठवण काढली. १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी होती. हेतू उत्तम होता. बैलगाड्यांच्या रांगा दोन-दोन दिवस, प्रतवारीत मारामारी, चुकारे हप्त्याहप्त्यानं. सरकारनं खरेदीत हात घातला की काय होतं ते वऱ्हाडाला पुस्तकातून शिकायची गरज नाही.

हा सगळ्यात भक्कम आक्षेप आहे आणि त्याला 'सगळं ठीक होईल' असं उत्तर देणं म्हणजे वाचकाची फसवणूक. पण एक फरक पाहा. कापसात सरकार लाखो शेतकऱ्यांकडून, राजकारणानं ठरलेल्या भावानं माल घेत होतं. औषधात ते मोजक्या कारखान्यांकडून, लाखो रुग्णांसाठी माल घेतं. इथं घाऊकपणाची ताकद घेणाऱ्याच्या बाजूची असते. तमिळनाडूनं १९९४ मध्ये औषध खरेदीचं महामंडळ काढून हेच केलं. निविदा एका ठिकाणी. पण कोणता दवाखाना किती माल उचलेल हे त्या दवाखान्याच्या हाती, पासबुकावर नोंद करून. प्रत्येक खेपेचे नमुने प्रयोगशाळेत जातात. तिथली व्यवस्था आज तीस वर्षांनीही चालू आहे. तिथं देवमाणसं जन्मतात म्हणून नव्हे. कोणत्या गोदामात काय उरलं आहे हे लपवता येत नाही म्हणून. राजस्थानची उलट बाजूही सांगायला हवी. तिथं २०११ पासून सरकारी दवाखान्यात औषध मोफत आहे, आणि २०२१ मध्ये नोकर-निवृत्तांसाठी कॅशलेस योजना निघाली ज्यात खासगी मेडिकलमधूनही औषध मिळू लागलं. पुढं दुकानदारांची थकलेली बिलं आणि खोट्या चिठ्ठ्यांच्या तक्रारी, दोन्ही गाजल्या. एकाच राज्यातल्या दोन योजनांनी आपल्याला वाट दाखवून ठेवली आहे: गोळी फळीवरून द्या, बिलावरून नको.

आणि आपल्याच मातीतला पुरावा हवा असेल तर भंडारा आणि वर्ध्याला जाऊन यावं. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा देशपातळीवरचा कार्यक्रम महाराष्ट्रात २०१८ च्या सुमारास ज्या पहिल्या चार जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांतले हे दोन. त्यात नवलाचं काहीच नव्हतं. सगळ्या डॉक्टरांनी एकच ठरलेला औषधक्रम पाळायचा, तीस दिवसांच्या गोळ्या एकदम द्यायच्या, रुग्णाला जवळच्या केंद्रावरच बोलवायचं, आणि जो आला नाही त्याचा पाठपुरावा करायचा. डॉक्टरगणिक वेगळा ब्रँड नसल्यानं साठा किती लागेल याचा अंदाज बांधता येतो, म्हणून साठा टिकतो. आमच्या बैठकीतल्या ज्यांना 'माझ्या डॉक्टरनं लिहिलेलीच कंपनी' हवी असते, त्यांना हे पचायचं नाही. मलाही पहिले दोन महिने पचलं नव्हतं. स्वस्त गोळी म्हणजे कमी गोळी असंच वाटायचं. मग तपासणीचा कागद पाहिला. शुगर जुन्या महागड्या गोळीवर जेवढी होती तेवढीच होती. जनऔषधीत मेटफॉर्मिनच्या दहा गोळ्यांचा पत्ता दहा रुपयांच्या आत मिळतो. मी त्याच औषधाला अनेक वर्षं नावापोटी कितीतरी जास्त मोजत होतो.

तिजोरीचं काय, हा प्रश्न शेवटी येतोच. अमेरिकेतल्या शहरांनी निवृत्तांना अमर्याद आरोग्यसेवेचं वचन दिलं, पैसा बाजूला ठेवला नाही, आणि २००४ च्या हिशोबाच्या नव्या नियमांनी ते वचन ताळेबंदात लिहायला लावलं तेव्हा डोळे पांढरे झाले. कॅलिफोर्नियातलं स्टॉकटन शहर २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेलं. पेन्शन वाचली, निवृत्तांचा आरोग्यखर्च मात्र बंद झाला. पुतण्याला भीती वाटते ती हीच, आणि ती बिनबुडाची नाही. पण तिथं वचन होतं रुपयाचं: जे बिल येईल ते भरू. मी म्हणतो ते वचन गोळीचं आहे. ठरलेली यादी, नाममुद्रेशिवायची औषधं, घाऊक खरेदी. बीपी, शुगर, हृदय, थायरॉइड, दमा, मिरगी. साठीनंतर खेड्यात रोज घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांचा मोठा वाटा एवढ्यात येतो. ज्याला यादीबाहेरचं हवं असेल त्यानं स्वतः घ्यावं, मीही घेईन. महामंडळांनी, मंडळांनी, वित्त खात्यानं आपापल्या निवृत्तांच्या डोक्यामागे ठरलेली रक्कम खरेदी प्राधिकरणाला द्यावी आणि त्या पैशाचा साठा जिल्ह्याच्या सामायिक फळीवर चढावा. म्हणजे पुतण्याच्या प्रश्नाचं उत्तर असं निघतं: काकाच्या नोकरीचा पैसा वहिनीच्या गोळीच्या शेजारी येऊन बसेल. वहिनीचं काही काढून घेतलं जात नाही. तिची फळी भरण्याला आणखी एक धनी मिळतो.

गोळी गावात पोचवायची कशी, हा प्रश्न मला तेवढा मोठा वाटत नाही. पोचवणारे आधीच पोचताहेत. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरून गेली आहे. कोणाला शुगर, कोणाला बीपी हे तिच्या वहीत आहे. आणि सरकार आमच्या दारात दरवर्षी येतंच. नोव्हेंबर उजाडला की हयातीचा दाखला. आता तर पोस्टमन घरी येऊन अंगठा घेतो. माझ्या चालक शेजाऱ्याचा अंगठा गेल्या खेपेला तीनदा लागला नाही. स्टिअरिंगनं आणि नंतर वावरातल्या कामानं रेषा पुसल्या आहेत. चौथ्यांदा लागला. पोस्टमन हसून म्हणाला, "झालं काका, जित्ते आहा तुमी." त्या यंत्रात नाव आलं, पेन्शनीचा क्रमांक आला, बँक आली. कोणत्या गोळ्या चालू आहेत, हा रकाना नव्हता. शेजारी माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, यायले इचारा ना, एवढ्या लांबून येतेच हाये, तं गोया घेऊन येत जा म्हना."